'मानभाव' हें नांव आणि त्याखालचे ग्रंथ

जुन्या पोथीच्या वेष्टनावर मागच्या धन्यानें जें नांव घातलेलें असतें, त्यावरूनच ती पोथी उघडावयाची कीं बाजूस ठेवावयाची हें पुष्कळदां ठरतें. आंत काय आहे याचा निवाडा पोथी न सोडतांच होतो. या रीतीनें मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची जी हानि झाली, तींतील सर्वांत मोठा वांटा 'मानभाव' या एका नांवाकडे जातो, असें आमचें मत आहे. तें नांव कसें बनलें, त्यानें वाचकाच्या दृष्टीवर कसा पडदा घातला आणि तो दूर झाल्यावर दुसरे कोणते पडदे आले, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम शब्दच पाहूं. 'महानुभाव' हा संस्कृतांतील बहुव्रीहि. ज्याचा अनुभाव, म्हणजे प्रभाव, मोठा आहे तो महानुभाव. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुन आपल्या गुरुजनांस हेंच विशेषण लावतो. लोकांच्या तोंडीं मधला हकार गळाला, उकार बुजला आणि 'मानभाव' झालें. येथपर्यंत दोष कांहींच नाहीं. उपाध्यायांचे पाध्ये झाले म्हणून त्यांची योग्यता उणावली नाहीं. परंतु येथें रूपाबरोबर अर्थहि घसरला. 'मानभावी' म्हणजे वरून नम्र व आंतून कपटी, हा अर्थ प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. आणि हा शब्द उच्चारतांना आपण एका नांदत्या पंथाचें नांव घेत आहों, हें बोलणाराच्या ध्यानींहि नसतें.

एकदां रूप बिघडल्यावर त्या बिघडलेल्या रूपाची व्युत्पत्ति सांगणारे निघाले. 'मानभाव' म्हणजे 'मांगभाव' असें ठरविण्यांत आलें, आणि त्या व्युत्पत्तीस आधार म्हणून पंथाचा मूळ पुरुष कोणी कृष्णभट असून त्यानें मांग स्त्रीशीं संबंध ठेविला, अशी कथा चालू झाली. एका जातीचें नांव शिवीसारखें वापरावें आणि तिच्या जोरावर दुसऱ्या समूहास हीन ठरवावें, हा दुहेरी अन्याय या कथेंत आहे. पंथाच्या स्वतःच्या ग्रंथांत प्रवर्तक म्हणून येतात ते चक्रधर. त्यांचे गुरु ऋद्धिपूरचे गोविंदप्रभु ऊर्फ गुंडम राऊळ. आणि त्यांच्यामागें पंथाची धुरा वाहिली ती नागदेवाचार्यांनीं. जुन्या ग्रंथांतून पंथ स्वतःस 'परमार्ग' किंवा 'भटमार्ग' म्हणवितो. म्हणजे ज्या नांवावरून निवाडा झाला, तें त्या रूपांत व त्या अर्थानें या लोकांनीं घेतलेलेंच नव्हतें.

इंग्रजी अमदानींत या नांवास सरकारी दप्तराचें बळ मिळालें. रसेल व हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जाति व जमाति यांविषयींचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं निघाला. त्यांत 'मानभाव' हें एक नोंदीचें शीर्षक आहे. जो मार्ग घर व कूळ सोडून भिक्षेवर राहणाऱ्या स्त्रीपुरुषांनीं घडविला, तो शेवटीं जातींच्या कोशांत वर्णक्रमानें बसला! कोशकारांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या चौकटींत पाहावयाचें ती आधींच आंखली असली, म्हणजे पाहिलेली प्रत्येक वस्तु त्या चौकटीच्याच आकाराची दिसते, एवढेंच म्हणणें आहे.

आतां पंथाच्या बाजूचा दोषहि सांगितला पाहिजे. आपले ग्रंथ परक्याच्या हातीं पडूं नयेत म्हणून महानुभावांनीं ते सांकेतिक लिपींत लिहिले. सकळ व सुंदरी या त्यांतल्या प्रसिद्ध लिपि. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर किंवा चिन्ह योजावयाचें, हें त्यांचें सामान्य तंत्र. सकळ लिपीचें कर्तृत्व 'सह्याद्रिवर्णन' काव्याचा कर्ता रवळोबास याजकडे दिलें जातें. पूज्य वचनांचें पावित्र्य राखावें, हा या गोपनांतील भाव समजण्यासारखा आहे. परंतु परिणाम उलटा झाला. जें लपवितात त्यांत कांहीं तरी निंद्य असलेंच पाहिजे, असा लोकांनीं तर्क केला. आणि त्याचें खंडन करणारा पुरावा त्याच लिपींत कुलुपबंद राहिला. नांवानें संशय उत्पन्न केला व लिपीनें तो पोसला.

हें कुलूप निघालें विसाव्या शतकाच्या आरंभीं. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं लिपीचा उलगडा केला. कै. विनायक लक्ष्मण भावे यांनीं 'महाराष्ट्र सारस्वता'च्या १९१९ च्या आवृत्तींत या वाङ्मयास स्थान दिलें. यशवंत खुशाल देशपांडे यांचें 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ सालीं बाहेर पडलें. हरि नारायण नेने यांनीं 'लीळाचरित्र' छापण्यास हात घातला, आणि विष्णु भिकाजी कोलते यांची त्याच ग्रंथाची संपादित आवृत्ति १९७८ सालीं निघाली. आंत काय सांपडलें? नरेंद्राचें 'रुक्मिणीस्वयंवर', भास्करभट्ट बोरीकरांचें 'शिशुपाळवध' यांसारखीं काव्यें. महदाइसेचे धवळे, म्हणजे आज माहीत असलेल्या आद्य मराठी कवयित्रीची रचना. भीष्माचार्यांचें 'पंचवार्तिक' हें व्याकरण. आणि ज्ञानेश्वरीच्याच शतकांतलें, बहुधा तिच्या थोडें आधींचें, गद्य. ज्या कपटाचा लोकांस संशय होता, त्याचा मागमूस नाहीं.

तथापि लिपि वाचतां आली म्हणजे ग्रंथ वाचला असें होत नाहीं. पंथाच्या मतांविषयीं जे दोन शेरे वारंवार आढळतात, तेच पाहावे. निंदकांनीं त्यांस नास्तिक म्हटलें. स्नेह्यांनीं त्यांस वैष्णवांतली एक शाखा ठरविलें. दोन्ही शेरे ग्रंथाशीं जुळत नाहींत. महानुभावांचें दर्शन जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार पदार्थ मानतें, आणि ते एकमेकांहून नित्य भिन्न आहेत असें सांगतें. 'देवता' ही येथें पारिभाषिक संज्ञा आहे. देवतांचें सामर्थ्य मर्यादित असून त्या आपापलें मर्यादित फळ देतात. मोक्ष देणारा एक परमेश्वर. ही परिभाषा न जाणतां वाचणारास प्रत्येक पानावर देवांची निंदाच दिसेल. उलटपक्षीं, श्रीकृष्णाची भक्ति पाहून त्यांस वैष्णव म्हणणारानें हें विसरूं नये कीं, या मतांत कृष्ण हा विष्णूचा अवतार नव्हे. तो साक्षात् परमेश्वराचा अवतार, आणि विष्णु देवतांच्या पंक्तींत. शत्रूनें दिलेलें नांव खोटें म्हणून मित्रानें दिलेलें खरें ठरत नाहीं.

एका शब्दाचें उदाहरण देतों. 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या मागें, ज्यांनीं त्यांस पाहिलें व ऐकलें त्यांच्या आठवणी गोळा करून रचलें. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमींत गेली व पुढें हिराइसा आदींच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हां उभा केला, असें परंपरा सांगते. या ग्रंथाच्या पाठांत ठिकठिकाणीं 'वासना' असा निर्देश येतो. आजच्या बोलींत वासना म्हणजे इच्छा, तीहि बहुधा हीन. हा अर्थ धरून वाचणारा गोंधळेल, आणि आधींच संशयी असेल तर भलतेंच अनुमान काढील. परंतु संस्कृतांत वासना म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला संस्कार. आणि येथें अर्थ आहे, अमक्याच्या स्मरणांत हा प्रसंग असा आहे. म्हणजे एकाच घटनेच्या निरनिराळ्या आठवणी संपादकानें पुसून एक केल्या नाहींत. त्या शेजारीं शेजारीं ठेविल्या. साक्षीदारांचे जबाब वेगळे असतील तर ते वेगळेच नोंदावे, हा नियम आपण आजच्या इतिहासलेखकास शिकवितों. तो ज्या ग्रंथांत सातशें वर्षांपूर्वीं पाळलेला दिसतो, त्यास 'सांप्रदायिक' असा शेरा मारून इतिहासाच्या साधनांतून वगळणें, ही टीका नसून आळस होय.

'स्थानपोथी'चीहि तीच गोष्ट. चक्रधर जेथें जेथें राहिले, बसले वा गेले, त्या स्थळांची ही यादी. देऊळ, मठ, त्यांच्या दिशा, दारें यांच्या नोंदींनीं भरलेली. यादवकालीन देवळांचा शोध करणारानें ती हातीं धरून गोदातीर चालावें, अशा योग्यतेची आहे. भाविकाच्या दृष्टीनें तें तीर्थाटनाचें साधन. शोधकाच्या दृष्टीनें तें स्थळवर्णन. दोघांनींहि तीच पोथी उघडावी लागते.

आतां आजच्या पडद्याविषयीं. निंदेचे दिवस सरले. आज ऋद्धिपुरास मराठी भाषेचें विद्यापीठ आहे, आणि महानुभाव वाङ्मयाची थोरवी पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. याचा आम्हांस आनंद आहे. परंतु 'बंडखोर', 'समाजसुधारक', 'भाषाभिमानी' हीं नवीं नांवें जुन्या नांवाइतक्याच घाईनें लावलीं जात आहेत. 'स्मृतिस्थळा'तला एक प्रसंग सर्वतोमुखीं आहे: केशोबास संस्कृतांत रचना करूं इच्छीत असतां नागदेवाचार्यांनीं त्यांस थांबविलें. हा भाषाभिमान म्हणून सांगण्यांत येतो. आचार्यांनीं दिलेलें कारण पाहिलें तर तें निराळें आहे. संस्कृतामुळें पंथांतल्या वृद्ध स्त्रिया वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. अमक्या भाषेचा मान राहावा म्हणून नव्हे, तर समोर बसलेल्या म्हाताऱ्यांस कळावें म्हणून मराठी. या दोहोंतलें अंतर लहान नाहीं. 'भाषाभिमानी' हें नांव चिकटवितांच त्या म्हाताऱ्या दृष्टीआड होतात, आणि त्यांच्यासाठींच तर तो निर्णय होता.

कोणी म्हणेल, नांवांवांचून सूचि कशी करावी? आमचें म्हणणें नांवें टाकावीं असें नाहीं. त्यांची जागा बदलावी असें आहे. पंजाबांत हाच पंथ 'जयकृष्णी' म्हणून ओळखला जातो, आणि मराठीचा गंध नसलेल्या घरांतून तेथें मराठी ग्रंथ पूज्य मानले गेले. तेथल्या संग्रहांत 'महानुभाव' हा एकच शब्द शोधणारा रित्या हातानें परत यावयाचा.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंति अशी. पोथीची नोंद करतांना आधीं पोथी स्वतःविषयीं काय सांगते तें लिहावें: आरंभ, शेवट, ग्रंथनाम, कर्ता, लेखक, शक, लिपि. वेष्टनावरचें नांव जसेंच्या तसें, परंतु वेष्टनावरचें म्हणून, वेगळें नोंदावें. कारण मागच्या लोकांनीं त्या पोथीस काय मानलें हाहि इतिहासच आहे. पंथाचें नांव शेवटीं, आणि तें कशावरून ठरविलें याच्या आधारासह. सांकेतिक लिपि आहे एवढ्यावरून पंथ ठरवूं नये, आणि पंथ ठरला एवढ्यावरून मजकूर ठरवूं नये. 'मानभावी बाड, निरुपयोगी' असा शेरा मिरविणारें गाठोडें ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तें या चातुर्मासांत एकदां सोडून वाळवी लागण्यापूर्वीं पानें मोजावीं, आणि पहिल्या व शेवटच्या पानाची नक्कल करून ठेवावी.