लाभार्थी आणि सभासद : ‘आग्रा’च्या उद्दिष्टाचं काय झालं?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की शेतीत काम करणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था कशा चालतात, त्यांचं नेतृत्व कसं असावं, यावर बोला. गुणांची यादी द्यायची तर सोपी आहे. दूरदृष्टी हवी, पारदर्शकता हवी, स्थानिकांचा सहभाग हवा. टाळ्याही पडतात. पण अशा यादीतून हाती काही लागत नाही. म्हणून आज आपण एकच संस्था घेऊ आणि तिच्याकडे टीकाकाराच्या नजरेनं बघू.

संस्थेचं नाव ‘आग्रा’. ताजमहालवालं नव्हे. ‘अलायन्स फॉर अ ग्रीन रिव्होल्यूशन इन आफ्रिका’चं हे लघुरूप. रॉकफेलर आणि गेट्स या दोन प्रतिष्ठानांनी २००६ साली ती स्थापन केली. आशिया आणि लॅटिन अमेरिकेत जशी हरितक्रांती झाली तशी आफ्रिकेत झाली नाही, ती आता करू, असा विचार. सुधारित बियाणं, रासायनिक खत, खेडोपाडी कृषी सेवा केंद्रं आणि बाजारपेठ. उद्दिष्टही ठसठशीत होतं : २०२० पर्यंत कोट्यवधी छोट्या शेतकरी कुटुंबांचं उत्पादन आणि उत्पन्न दुप्पट करायचं.

आता २०२० साली काय झालं? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाशी संबंधित संशोधक टिमोथी वाइज यांनी हिशोब मांडला. संस्थेकडे तोवर जवळपास १०० कोटी डॉलर जमले होते. ज्या १३ देशांत मुख्य काम होतं, तिथं १२ वर्षांत मुख्य अन्नपिकांची उत्पादकता वाढली सुमारे १८ टक्के. दुप्पट म्हणजे १०० टक्के; आकडा आला १८. त्याच काळात या देशांतल्या कुपोषितांची संख्या जवळपास ३० टक्क्यांनी वाढली. मका वाढला, पण बाजरीवर्गातल्या भरडधान्यांचं उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. कोरडवाहू भागातल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. पाऊस दगा देतो तेव्हा जे पीक निदान चार दाणे पदरात टाकतं, तेच मागं पडलं.

इथं थांबून न्यायानं बोललं पाहिजे. या देशांत दुष्काळ पडले, काही ठिकाणी यादवी झाली, लोकसंख्या वाढली. भुकेचं सगळं खापर एका संस्थेच्या माथी फोडता येणार नाही. उद्दिष्ट चुकणं हा गुन्हाही नाही. शेतीत काम करणाऱ्या कुणाचं उद्दिष्ट चुकलेलं नाही, सांगा बरं?

आमचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो नेतृत्वावर आहे. वाइज यांनी संस्थेकडे तिचे स्वतःचे आकडे मागितले. ते मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी देशपातळीवरचे आकडे वापरले. त्यावर संस्थेचं उत्तर काय? की देशपातळीवरच्या आकड्यांवरून आमचं मूल्यमापन करणं चूक आहे. बरोबर आहे ना! पण मग तुमचे आकडे कुठं आहेत? आणि ज्या वर्षी उत्तर द्यायचं, त्याच २०२० साली ते दुप्पटीचं उद्दिष्ट संस्थेच्या संकेतस्थळावरून गाजावाजा न करता उतरलं. ‘आमचा अंदाज चुकला, तो असा चुकला’ एवढं जाहीरपणे सांगण्याची संधी होती. ती घालवली.

पुढं २०२२ मध्ये मॅथेमॅटिका या संस्थेचं मूल्यमापन आलं. ते गेट्स प्रतिष्ठाननंच करवून घेतलेलं होतं. त्यातही निघालं की काही देशांत, मुख्यतः मक्यात, उत्पादन वाढलं. पण ९० लाख शेतकऱ्यांचं उत्पन्न आणि अन्नसुरक्षा वाढवण्याचं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. त्याच वर्षी संस्थेनं नावातला ‘हरितक्रांती’ हा शब्द बाजूला ठेवून ‘आग्रा’ एवढंच नाव ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, बाहेरच्या गोऱ्या लोकांनी चालवली की असंच होणार. थांबा. कार्यालय नैरोबीत. पहिले अध्यक्ष कोफी अन्नान, घानाचे. पुढं ज्यांनी धुरा सांभाळली त्या अ‍ॅग्नेस कालिबाटा रवांडाच्या माजी कृषिमंत्री. म्हणजे ‘स्थानिक नेतृत्व द्या, सगळं सुधारेल’ हे जे आपण व्यवस्थापनाच्या वर्गात घोकतो, ते इथं पाळलं गेलं होतं. तरी २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या अन्न-सार्वभौमत्वाच्या आघाडीनं सुमारे २०० संघटनांच्या वतीनं देणगीदारांना पत्र लिहिलं, की या संस्थेला पैसे देणं थांबवा. बघा, पत्र कुणाला गेलं? देणगीदारांना. कारण संस्थेला जाब विचारायला शेतकऱ्याकडे दुसरा दरवाजाच नव्हता.

आमच्या मते मुद्दा हा आहे. नेता कुठल्या देशाचा, हा दुय्यम प्रश्न. तो रात्री कुणाच्या प्रश्नाला घाबरतो, हा पहिला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तिथं ऊस घालणारा शेतकरी ‘सभासद’ होता. सर्वसाधारण सभेत उभा राहून तो टनाला भाव किती, हे विचारू शकत होता. पुढं सहकाराचं काय झालं, ते आपण सगळे जाणतो; सभासदाचा आवाज कसा दाबला जातो, हेही पाहिलंय. पण दाबावा लागतो, म्हणजे आवाज आहे. स्वयंसेवी संस्थेच्या कागदावर शेतकरी असतो ‘लाभार्थी’. लाभार्थ्याला मत नसतं, त्याची फक्त संख्या असते.

आणि यात आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. आम्ही एका छोट्या प्रकल्पात काम करत होतो तेव्हा देणगीदाराच्या तक्त्यात एक रकाना होता, ‘प्रशिक्षित शेतकरी’. आम्ही हजेरीपत्रकावरच्या सह्या मोजल्या आणि भरला. त्यातल्या किती जणांनी पुढच्या हंगामात शिकवलेलं केलं, हे पाहायला आम्ही परत गेलो नाही. कुणी विचारलंच नाही. खोटं काही लिहिलं नव्हतं, पण खरंही काही कळलं नव्हतं.

मग दुसरी रीत असते का? असते. बांगलादेशातली ‘ब्रॅक’ ही फजले हसन आबेद यांनी १९७२ साली सुरू केलेली संस्था बघा. १९८० च्या दशकात त्यांच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवत, जुलाबानं मुलं दगावू नयेत म्हणून. किती घरं झाली, यावर त्यांचं मानधन ठरत नव्हतं. काही आठवड्यांनी तपासनीस त्यातल्या काही घरी जायचा आणि आईला काय आठवतंय, ते पाहायचा. त्यावर कार्यकर्तीचे पैसे. म्हणजे कार्यकर्तीची कमाई आईच्या हातात! तरीही सुरुवातीला आया शिकत होत्या पण वापरत नव्हत्या. शोध घेतला, तर शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. आधी त्यांना पटवलं, शिकवण्याची रीत बदलली, आणि दहा वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत काम पोचलं.

हे आरोग्याचं काम, शेतीचं नव्हे. पाऊसपाण्याचा भरवसा नसलेल्या शेतात मोजणं अवघडच असतं, हे मान्य. पण रीत उचलता येते. बियाणं किती वाटलं, ते मोजू नका. अनुदान थांबल्यावर शेतकऱ्यानं तेच बियाणं स्वतःच्या पैशानं पुन्हा घेतलं का, ते मोजा. नसेल घेतलं, तर का नाही, हे त्याच्या बांधावर जाऊन विचारा. आणि ते उत्तर देणगीदाराच्या अहवालात पहिल्या पानावर टाका. हे करायला व्यवस्थापनाचं तंत्र कमी आणि धीर जास्त लागतो, कारण पुढचा हप्ता अडकू शकतो.

तुमच्यापैकी अनेक जण अशा संस्थांत काम करता, काही जण उद्या त्या चालवाल. पुढचा अहवाल लिहाल तेव्हा एवढंच करून बघा : तो मराठीत, किंवा जिथली असेल त्या भाषेत, गावच्या चावडीवर मोठ्यानं वाचा. वाचताना जिथं तुमचा आवाज अडखळेल, तिथून काम सुरू करायचं आहे.

आता प्रश्न घेऊ.