राइट मॉरिस : वस्तूंमधून दिसणारी माणसे

छायाचित्र आणि शब्द एकत्र आले, की दोहोंपैकी एकाला दुसऱ्याची चाकरी पत्करावी लागते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. चित्र कथेची सजावट होऊन राहते, नाहीतर मजकूर चित्राखालच्या ओळीपुरता उरतो. अमेरिकन कादंबरीकार व छायाचित्रकार राइट मॉरिस (१९१०–१९९८) याने हे नाते नाकारले, आणि त्याचे खरे वाङ्मयीन महत्त्व या नकारात आहे.

त्याच्या ‘द होम प्लेस’ (१९४८) या कादंबरीत समोरासमोरच्या पानांवर एकीकडे निवेदन, तर दुसरीकडे छायाचित्र येते. क्लाइड मन्सी न्यूयॉर्कहून बायकोमुलांसह नेब्रास्कातील आपल्या गावी येतो. येथे पुन्हा राहता येईल काय, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न. चित्रे मात्र या प्रसंगांची नव्हेत. ती मॉरिसने १९४७ मध्ये नॉरफोकजवळ आपल्या नातलगाच्या शेतावर घेतली. त्यांत माणूस जवळजवळ नाहीच. दाराशेजारची सरळ पाठीची खुर्ची, काटेचमच्यांचा खण, अंथरूण घातलेली खाट. आणि वृद्ध हॅरी दिसतो तोही कोठारात शिरताना, पाठमोरा.

ही निर्मनुष्यता म्हणजे उणीव नव्हे. वर्षानुवर्षांच्या वापराने वस्तूला जी झीज येते, तीच येथे माणसाची खूण होते. ऊनवाऱ्याने फळ्यांचा रंग उडवावा आणि हातांनी मुठी गुळगुळीत कराव्यात : निसर्ग व मनुष्य यांनी मिळून घडविलेले हे रूप आहे. आपलेपणा हा मनाचा उमाळा नसून दीर्घ सहवासाने मिळविलेला हक्क आहे, हा मॉरिसचा आशय येथे दृश्य होतो. म्हणूनच मोकळ्या झालेल्या घरातील वस्तू पाहिल्यावर क्लाइडला तेथे राहणे अशक्य वाटते. कॅमेऱ्याला जे टिपता येते, ते पाहुण्याला आपलेसे करता येत नाही. शब्द व चित्र यांमधील अंतर हेच त्या माणसाचे आपल्या घरापासूनचे अंतर ठरते.

तथापि या दृष्टीची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. मॉरिसचे जन्मगाव सेंट्रल सिटी हे प्लाट नदीच्या खोऱ्यात आहे. तो प्रदेश पूर्वी पॉनी लोकांचा होता. १८७० नंतरच्या दशकात त्यांना तेथून दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत जावे लागले. सहवासाने हक्क मिळतो असे मानले, तर त्यांचा सहवास कितीतरी जुना. पण या खुर्च्या व खण यांच्यात त्याची खूण उमटणे शक्य नव्हते. वस्तू साक्ष देतात, परंतु ज्यांच्या वस्तू उरल्या त्यांचीच.

‘गॉड्स कंट्री अँड माय पीपल’ (१९६८) या पुस्तकात मॉरिसने आपली अनेक जुनी छायाचित्रे नव्या मजकुरासह पुन्हा छापली. चित्र तेच, अर्थ मात्र पालटला. स्मृती ही चित्रात साठवलेली नसून ती दर वेळी शब्दाने नव्याने रचावी लागते, याची ही प्रामाणिक कबुली होय. गावाविषयीचे हळवे लेखन सर्वच भाषांत विपुल आहे. हळवेपणा टाळून आपलेपणाची किंमत सांगणारे लेखन विरळा. मॉरिसची जागा या विरळ लेखकांत आहे.