जिन्यावरची भेट : फ्रेडरिक बर्टनचे जलरंग

जलरंग म्हणजे झरझर उमटलेले, वाहते चित्र. रंग एकदा लावायचा आणि हात काढून घ्यायचा, अशी आपली समजूत असते. या कसोटीवर फ्रेडरिक विल्यम बर्टन (१८१६–१९००) जलरंगकार ठरतच नाही. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला हा चित्रकार तरुणपणी डब्लिनमध्ये लघुचित्रे करी. बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायचे, मध्येच अपारदर्शक रंग वापरायचा, ही सवय त्याने मोठ्या कागदावरही सोडली नाही. दुरून तैलरंगच वाटावेत! तैलरंगांकडे मात्र तो वळला नाही. कोणी या शैलीला अति घोटीव म्हणेल. मला त्यातच त्याचे बळ दिसते.

१८४१ च्या ‘अरानच्या कोळ्याचे बुडालेले मूल’ या चित्रात माणसांनी भरलेली झोपडी आहे आणि उघड आक्रोश आहे. पुढे म्युनिकच्या वास्तव्यात त्याने जुने जर्मन चित्रकार जवळून पाहिले. १८६४ च्या ‘हेलेलिल आणि हिल्डेब्रांड’मध्ये आक्रोश उरलेलाच नाही. कथा डॅनिश पोवाड्यातली : राजकन्येचे आपल्या अंगरक्षकावर प्रेम जडते, बाप तिच्या सात भावांना त्याच्या जिवावर सोडतो. बर्टनने रक्तपात टाळून मनोऱ्याच्या अरुंद जिन्यावरची अखेरची भेट निवडली. चिलखतातला तो तिच्या हातावर ओठ टेकतो. निळ्या वस्त्रातली ती तोंड फिरवते. नजरानजर नाही. छापील प्रतीवर भिंग धरून मी वर्षानुवर्षे पाहतो आहे : भावना उतू जाईल तिथे चित्रकाराचा हात चिलखताच्या कड्या आणि पायरीवरच्या पाकळ्या रंगवत बसतो. हा संयम ओल्या फटकाऱ्याने साधला नसता.

(पोवाड्याचा इंग्रजी अनुवाद त्याचा मित्र व्हिटली स्टोक्स याचा. हाच स्टोक्स पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा विधी सदस्य झाला. आपल्या वकिलांच्या टेबलावरचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला.)

१८७४ मध्ये बर्टन लंडनच्या नॅशनल गॅलरीचा संचालक झाला आणि त्याने कुंचला ठेवला. चांगला चित्रकार खुर्चीने गिळला, ही हळहळ मला अर्धीच पटते. लिओनार्दोचे ‘व्हर्जिन ऑफ द रॉक्स’ आणि होल्बाइनचे ‘द अँबॅसेडर्स’ त्याच्याच वीस वर्षांच्या कारकिर्दीत गॅलरीत आले. कड्यान्‌कडी न्याहाळणाऱ्या डोळ्याला तिथेही काम होतेच. तरीही अठ्ठावन्नाव्या वर्षी थांबलेल्या त्या हाताची चुटपुट लागते.

जिन्यावरची ती भेट स्टोक्सच्या बहिणीने, मार्गारेटने, मृत्युपत्राद्वारे डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाला दिली. २०१२ मध्ये आयरिश जनतेने तिला देशाचे सर्वांत आवडते चित्र म्हणून कौल दिला. मात्र उजेडाने रंग उडतात, म्हणून ती बंद कपाटात असते. आठवड्यातून मोजकेच तास दारे उघडतात.