आवाज आजीचा, ओठ दुसऱ्याचे आणि चित्रातलं न फिरणारं जातं

मागच्या लेखात मी ज्वारीच्या दाण्यात लपलेली सोंडेकिड्याची अळी मायक्रोफोननं कशी ऐकायची, ते सांगितलं होतं. त्याच मायक्रोफोनमुळे आजचा विषय निघाला. परभणीतल्या एका कॉलेजची सहा मुलं-मुली आमच्या विभागात आली. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची. म्हणाली, "ताई, तुमचा तो चांगला माइक दोन दिवस द्याल का? जात्यावरची ओवी रेकॉर्ड करायची आहे." मी दिला. दोन महिन्यांनी त्यांनी चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ आणि गाण्याचं मुखपृष्ठ पाठवून विचारलं, "कसं झालंय? खरं सांगा."

खरं सांगायचं तर वेळ घेऊन सांगायला हवं. म्हणून त्यांच्या परवानगीनं इथे लिहिते आहे. त्यांची किंवा कॉलेजची नावं देत नाही. तुम्ही गाणी करत असाल किंवा नुसती बघत असाल, तरी यातलं बरंचसं तुमच्याही उपयोगाचं आहे.

आधी जे जमलं आहे ते. सुरुवातीची वीस सेकंदं अप्रतिम आहेत. काळा पडदा आणि फक्त जात्याची घरघर. ती घरघरच पुढे ताल होते, मग आवाज येतो. आवाज गटातल्या एका मुलीच्या आजीचा आहे. गाव गंगाखेड तालुक्यातलं, आजी सत्तरीच्या पुढची. जातं ओढताना छातीवर ताण येतो, तो ओवीच्या तिसऱ्या चरणात ऐकू येतो. मुलांनी तो श्वास पुसून टाकला नाही, यासाठी त्यांना पूर्ण गुण.

पण पुढे बीट सुरू होतो आणि जातं बीटच्या मागे धावायला लागतं. मूळ रेकॉर्डिंग मी ऐकलं आहे. जात्याचा फेरा कधीच सारखा नसतो. मूठभर वैरण घातली की दगड जड होतो आणि फेरा लांबतो, पीठ झालं की पुन्हा हलका होतो. ओवीची चालही त्याबरोबर लांबते, आखडते. मुलांनी सगळे फेरे कापून, ताणून एका मापात बसवले. ऐकायला नीटनेटकं वाटतं, पण जात्यात धान्य नाही हे कानाला कळतं. बीटला थोडं सैल सोडून आजीच्या मागे जाऊ द्यायचं होतं.

आता चित्राकडे. गोदावरीच्या घाटावर नऊवारी नेसलेली एक वर्गमैत्रीण आजीच्या आवाजावर ओठ हलवते. बघताना काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. मी फ्रेम मोजल्या. आवाज ओठांच्या दोन फ्रेम पुढे आहे. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, दोन म्हणजे ८०.

एवढंसं कुणाला कळणार, असं तुम्ही म्हणाल. गंमत अशी आहे की, हेच ८० मिलिसेकंद उलट्या बाजूला असते, आवाज ओठांच्या मागे असता, तर बहुतेकांना कळलंही नसतं. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं १९९८ साली केलेल्या शिफारशीत हे आकडे आहेत: आवाज पुढे असेल तर सुमारे ४५ मिलिसेकंदांपासून लक्षात येतं, मागे असेल तर सुमारे १२५ पर्यंत खपून जातं. असं का? घाटावर उभं राहून पाहा. लांबवर कुणी धुणं आपटत असेल, तर आधी हात खाली येताना दिसतो, मग 'धप्प' ऐकू येतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरून यायला दशांश सेकंद लागतो. प्रकाशाला लागणारा वेळ इथे शून्यच धरा. आवाज उशिरा पोहोचण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. तो आधी पोहोचतो असं निसर्गात कधीच घडत नाही, म्हणून मेंदू लगेच हरकत घेतो. तेव्हा सोपा उपाय: शंका असेल तर आवाज एक फ्रेम मागे ठेवा, पुढे कधीच नको.

मुलांनी हे एका संध्याकाळी दुरुस्त केलं. आणि दुरुस्त झाल्यावर मला खरी अडचण दिसली. आता ओठ आणि आवाज इतके जुळले होते की आजी नाहीशी झाली होती.

१९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कानावर 'बा' पडतो आहे, पण पडद्यावरचे ओठ 'गा' म्हणताहेत. बऱ्याच लोकांना त्यातून तिसराच 'दा' ऐकू आला. म्हणजे कान एकटा ऐकत नाही, डोळाही त्यात आपलं मत घालतो. इथे वीस वर्षांच्या, ताज्या मेकअपच्या चेहऱ्यावर सत्तरीचा आवाज बसवला की, तो थकलेला आवाज आपल्याला 'गाण्यातला इफेक्ट' वाटायला लागतो. तिसऱ्या चरणातला तोच ताण, जो काळ्या पडद्यावर अंगावर आला होता, घाटावर आला की नुसता गोड वाटतो. तांत्रिक चूक होती तेव्हा निदान संशय तरी येत होता.

रंगांबद्दलही बोलायला हवं. सगळा व्हिडिओ निळसर-नारिंगी छटेत आहे. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ही छटा तयार मिळते, लावली की 'सिनेमा' वाटतं. पण तिनं आपली काळी कापसाची जमीन चॉकलेटी करून टाकली आहे. विचारलं तर म्हणाले, "ताई, मुखपृष्ठाशी मॅच केलंय." जुळवणं म्हणजे काय, हाच तर प्रश्न आहे. स्टीफन पामर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अमेरिका आणि मेक्सिकोतल्या लोकांना बाख, मोझार्ट, ब्राम्स यांचं संगीत ऐकवून रंग निवडायला लावले. जलद, मेजर सुरावटींना लोकांनी उजळ, भडक, पिवळसर रंग दिले आणि संथ, मायनरना गडद, फिके, निळसर. पण महत्त्वाचं पुढे आहे. सूर आणि रंग यांच्यामध्ये एक दुवा सापडला, तो भावनेचा. संगीत जितकं उदास वाटलं, तितकाच उदास वाटणारा रंग निवडला गेला. म्हणजे मुखपृष्ठ व्हिडिओशी जुळवायचं नसतं, दोघांनाही गाण्याशी जुळवायचं असतं. या ओवीला पहाटेच्या अंधाराचा, चिमणीच्या उजेडाचा रंग आहे. तो सुरुवातीच्या काळ्या पडद्यात होताच, पुढे मुलांनीच तो घालवला.

आता ते मुखपृष्ठ. चित्र संगणकाकडून करून घेतलेलं आहे: सुंदर बाई, नाकात नथ, समोर जातं. ते मोठं करून पाहा. खुंटा जात्याच्या बरोब्बर मधोमध उभा आहे, जिथे वैरण घालायचं तोंड असतं. शाळेतलं विज्ञान आठवा. फिरवण्याचा जोर म्हणजे बल गुणिले आसापासूनचं अंतर. अंतर शून्य असेल तर कितीही जोर लावा, जातं फिरणार नाही. खुंटा कडेला असतो तो याचसाठी. चित्रातल्या बाईनं जन्मभर ओढलं तरी पसाभर पीठ पडायचं नाही. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सहाही जणांच्या घरी पीठ गिरणीतून येतं. माझ्याही.

मुखपृष्ठ ही काही सजावटीची बाब नाही. १९४० च्या सुमारास कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी तबकड्यांच्या साध्या, एकरंगी वेष्टनांवर चित्रं काढायला घेतली, तेव्हापासून माणूस गाणं ऐकण्याआधी ते बघतो. पुढे मोठ्या तबकडीचं वेष्टन हातभर, साधारण तीस सेंटीमीटरचं झालं. आज तेच चित्र फोनच्या यादीत जेमतेम एक सेंटीमीटरचं दिसतं. क्षेत्रफळ नऊशे पटींनी कमी. एवढ्या जागेत नथ दिसत नाही आणि नक्षीही दिसत नाही. एक आकृती आणि चार अक्षरं, एवढंच मावतं. म्हणून तिथे कोणती अक्षरं ठेवायची, हे ठरवावं लागतं. मुलांनी स्वतःच्या गटाचं नाव ठेवलं.

शेवटच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक आहे, संकलक आहे, ड्रोन कुणाचा तेही आहे. 'तांत्रिक साहाय्य' म्हणून माझं नाव आहे, पदवीसकट. मी काय केलं होतं? माइक दिला होता. आणि जिनं गायलं तिच्याबद्दल, 'विशेष आभार : आजी'.

कुणाची आजी? कोणत्या गावची?

फ्रान्सच्या 'डीप फॉरेस्ट' या जोडीचं 'स्वीट ललाबाय' १९९२ साली जगभर गाजलं. त्यातला मूळ आवाज सॉलोमन बेटांतल्या मलैता इथल्या अफुनाक्वा या बाईचा. ह्यूगो झेम्प या संशोधकानं १९७० च्या सुमारास तिची अंगाई रेकॉर्ड केली होती. गाण्याचा झगझगीत व्हिडिओ झाला, अल्बम लाखांनी खपला, अफुनाक्वाचं नाव मात्र त्यावर नव्हतं. आपल्याकडे उलटं उदाहरणही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आज त्या 'पारी'च्या संग्रहात आहेत, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका नोंदवलेला आहे. कायदाही हेच म्हणतो: २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याला 'हे मी सादर केलं' असं ओळखलं जाण्याचा हक्क मिळाला.

पण मुलांना कायदा दाखवायची गरज नव्हती. त्यांनी चित्रीकरण केलं ते गंगाखेड परंपरेनं जनाबाईचं जन्मगाव. नामदेवाच्या घरी दळणकांडण करणारी ही बाई अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालते. सातशे वर्षांपूर्वीची दासी नाममुद्रा ठेवून गेली आणि आपण तिच्याच घाटावर ड्रोनवाल्याचं नाव लिहून आलो. हे मी गटाला सुनावलं तेव्हा माझा आवाज जरा चढला होता. स्वतःचं नाव दोन वेळा वाचूनही मला आधी काही खटकलं नव्हतं, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरले होते.

मागच्या रविवारी आम्ही व्हिडिओ घेऊन आजीकडे गेलो. ओसरीवर फोन धरून त्यांनी तो दोनदा पाहिला. वर्गमैत्रिणीबद्दल काहीच तक्रार नाही, उलट "पोरगी गुणाची दिसती" म्हणाल्या. मुखपृष्ठावर त्यांचं नाव घालू का, असं मी विचारलं. "घाला की," एवढंच. मग म्हणाल्या, "पर माझ्या भावाची ववी कुठं गेली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चौथ्या ओवीत भावाचं नाव आणि माहेरच्या गावाचं नाव होतं. ती बीटमध्ये बसत नव्हती म्हणून कापली होती. भाऊ वारून बरीच वर्षं झाली. "बाकीच्या कुनीबी म्हनतंय. तेवढी तर माझी व्हती," आजी म्हणाल्या.

मी फ्रेम मोजल्या, रंग तपासले, नावाबद्दल भांडले. पण मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे असूनही ही ओवी गळाल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. आता मुलं व्हिडिओ पुन्हा जुळवत आहेत. चौथी ओवी परत येते आहे, तिच्यासाठी बीट थांबवावा लागला तरी चालेल असं ठरलं आहे. मुखपृष्ठावर आजीच्या घरच्या जात्याचा फोटो असेल, खुंटा कडेला असलेला, आणि खाली त्यांचं नाव. 'तांत्रिक साहाय्य' ही ओळ मी काढून टाकायला सांगितली आहे.