संतांचा संशय आणि निवेदकाचा अधिकार

पूज्य व्यक्तीच्या अंतरंगातील संशय दाखवणारी कलाकृती वादग्रस्त ठरली की चर्चा बहुधा दोन ध्रुवांभोवती फिरते : श्रद्धेचा अवमान आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य. साहित्यविचाराचा मूळ प्रश्न त्यात मागे पडतो. संशय हा पवित्र परंपरांना परका नाही. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत गेथशेमाने बागेतील व्याकुळता आहे, क्रुसावरून देवाला विचारलेला जाब आहे. तुकारामांच्या गाथेत आत्मधिक्कार आहे आणि विठ्ठलाशी भांडणही आहे. परंपरेने जपलेला हाच संशय पडद्यावर किंवा कादंबरीत आला की असह्य का होतो?

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ (१९८८) हा या दृष्टीने महत्त्वाचा दाखला होय. निकोस काझान्टझाकिस यांची मूळ कादंबरी १९५४ मध्येच व्हॅटिकनच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेली होती. आपली कथा शुभवर्तमानांवर आधारलेली नाही, असे चित्रपट आरंभीच सांगतो. तरीही ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसमधील एका चित्रपटगृहाला आग लावण्यात आली. वस्तुतः चित्रपटाचा निष्कर्ष श्रद्धेच्या विरोधात जात नाही. क्रुसावरून उतरून संसार करणारा, वृद्ध होणारा येशू अखेरीस स्वेच्छेने क्रुसाकडे परततो. मोह प्रबळ असल्यामुळेच बलिदानाला मोल येते.

आक्षेपाचे कारण निष्कर्षापेक्षा निवेदनात शोधावे लागते. शुभवर्तमानांचे निवेदन तृतीयपुरुषी असून ते बाहेर थांबते. येशूची कृती आणि उक्ती सांगते, मनात शिरत नाही. कादंबरी मनात शिरते. चित्रपट पुढे जाऊन येशूच्याच आवाजात त्याचे स्वगत ऐकवतो. शिवाय मोहाचे दीर्घ दृश्य स्वप्नाची कोणतीही खूण न देता, वास्तवाच्याच दृश्यभाषेत येते. रक्षक देवदूत वाटणारी मुलगी म्हणजे सैतान होय, हे प्रेक्षकाला फार उशिरा कळते. तोवर कल्पित हे घडलेले म्हणून पाहिले गेलेले असते.

मराठीतील स्थिती वेगळी आहे. तुकारामांचा संशय त्यांच्याच प्रथमपुरुषी वाणीत उपलब्ध आहे. कीर्तनात तो अभंग म्हटला जातो तेव्हा त्यातील ‘मी’ गाणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचाही होतो. या ‘मी’चे सामर्थ्य प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) ओळखले होते. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम बहुतांशी शांत आहे. देवाविषयीचा रोष जिजाईच्या वाट्याला आला आहे. संशयाचे हे स्थलांतर प्रेक्षकांना खुपले नाही. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला अभंग अनेकांनी तुकारामांचाच समजला, हे येथे लक्षणीय आहे. त्या रचनेत संशय नाही. परंतु परंपरेच्या रूपबंधात बोलणारा परका आवाजही परंपरा आपलासा करते, हे त्यावरून दिसते.

आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीला हे संरक्षण नव्हते. तरुण तुकारामांच्या चित्रणावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्या संमेलनाला अध्यक्ष नव्हता. आपल्या दोषांची कबुली देणारा तुकाराम ज्यांच्या मुखी आहे, त्यांनाच दुसऱ्याने कल्पिलेला सदोष तुकाराम मान्य झाला नाही. यात केवळ दांभिकता पाहणे अपुरे ठरेल. कबुली आणि आरोप यांत आशय समान असला तरी उक्तीचा अधिकार भिन्न असतो.

तथापि, हा भेद समजून घेणे म्हणजे बंदीचे समर्थन करणे नव्हे. अंतरंगात शिरण्याचा अधिकार केवळ संताला दिला, तर संशय पठणापुरता उरतो. तो कोणत्या काळात आणि कोणत्या दुष्काळात उपजला, हे विचारण्याची वाट बंद होते. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’ने (२०१२) बालपण, कुटुंब आणि दुष्काळ यांच्या चित्रणातून ती वाट काही अंशी खुली ठेवली. तौलनिक अभ्यासाने म्हणूनच काय दाखवले याच्या आधी कोण बोलतो आहे, हे तपासावयास हवे. परक्या निवेदकाचा उणेपणा मान्य करूनही त्याची गरज नाकारता येत नाही, कारण गाथेतील ‘मी’ ज्या प्रश्नांपाशी थांबतो तेथूनच त्याचे काम सुरू होते.