उचलणारे हात, पाहणारे डोळे

येशूच्या दफनाची हकिकत मार्कच्या शुभवर्तमानात अवघ्या सहा वचनांत संपते. शब्बाथाच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाची संध्याकाळ. न्यायसभेचा एक प्रतिष्ठित सभासद, अरिमथाईकर योसेफ, धीर करून रोमन सुभेदार पिलाताकडे जातो आणि शरीर मागतो. हा माणूस इतक्या लवकर मेला कसा, याचं पिलाताला नवल वाटतं. शताधिपतीला बोलावून तो खात्री करून घेतो. मग योसेफ तागाचं कापड विकत घेतो, शरीर खाली काढतो, गुंडाळतो, खडकात खोदलेल्या कबरीत ठेवतो आणि तोंडाशी धोंड लोटतो. दोन मरीया, मग्दालीया आणि योसेची आई, त्याला कुठे ठेवलं ते पाहून घेतात. संपलं.

या सहा वचनांत कोणी रडत नाही. मत्तय, लूक आणि योहान यांच्या वृत्तांतातही दफनाच्या वेळी रडणं नाही. मत्तय सांगतो की कबर योसेफाची स्वतःची होती, नवी होती, आणि त्या दोघी तिच्यासमोर बसून राहिल्या. लूक सांगतो की न्यायसभेच्या निर्णयाला योसेफाची संमती नव्हती. योहान निकदेमाला आणतो. पूर्वी रात्रीच्या अंधारात येशूकडे आलेला हा माणूस आता गंधरस आणि अगरू यांचं शंभर रत्तलांचं मिश्रण घेऊन येतो, म्हणजे आजच्या मापाने तीस किलोंहून जास्त. परवानगी, कापड, वजन, धोंड : शास्त्रातलं दफन हे काम आहे, आणि ते घाईचं काम आहे. टांगलेलं प्रेत रात्रभर तसंच ठेवू नये हा अनुवादाच्या पुस्तकातला नियम, त्यात सूर्यास्ताला शब्बाथ लागणार. क्रूसावर मारलेल्या माणसाला रीतसर कबर मिळणं अशक्य नव्हतं, याचा पुरावा जेरुसलेममध्ये 1968 साली सापडला. अस्थी ठेवण्याच्या एका दगडी पेटीत, टाचेच्या हाडात खिळा तसाच अडकलेला होता.

चित्रकलेने मात्र या प्रसंगात एक व्यक्ती आणली, जी चारही वृत्तांतांत दफनाच्या वेळी नाही : आई. योहान तिला क्रूसापाशी उभी करतो, पण कबरीपाशी तिचं नाव कोणीच घेत नाही. तिची उणीव आधी बायझंटाइन प्रवचनांनी आणि विलापगीतांनी भरून काढली आणि मग भिंतींनी. स्कोप्येजवळच्या नेरेझीच्या चर्चमध्ये 1164 सालच्या भित्तिचित्रात मरीया मुलाच्या गालाला गाल लावून बसली आहे. शंभर-दीडशे वर्षांनी पाडुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोने तोच गाल, तोच हुंदका घेतला आणि वर आकाशात देवदूतांनाही रडायला लावलं. इकडे जर्मनीत चौदाव्या शतकात आईच्या मांडीवर मुलाचं प्रेत, एवढंच शिल्प वेगळं निघालं. ते रोमला पोचलं आणि 1498-99 मध्ये मायकेलअँजेलोने त्याला असं सौंदर्य दिलं की ‘पिएता’ म्हटलं की जगाला तेच आठवू लागलं.

या सौंदर्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याने दफन गिळून टाकलं, हे म्हटलंच पाहिजे. मांडीवरचं प्रेत तिथेच राहतं. ते उचलायचं कोणी, न्यायचं कुठे, हा प्रश्नच उरत नाही, आणि मार्कला नेमकं तेच सांगायचं होतं.

म्हणून मला दफनाची खरी चित्रं ती वाटतात, ज्यांत वजन आहे. काराव्हाज्जोचं चित्र घ्या. 1603-04 च्या सुमारास रोमच्या किएसा नुओवा या चर्चसाठी काढलेलं, आज व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात असलेलं, तीन मीटर उंचीचं. निकदेमाने गुडघ्यांखालून दोन्ही हातांचा वेढा घातला आहे. तो वाकलाय, त्याच्या उघड्या पिंडऱ्यांवर भार दिसतो. वरच्या बाजूला शिष्य योहानाने पाठीखालून हात घातलाय आणि घाईत त्याची बोटं कुशीतल्या जखमेत गेली आहेत. प्रेत उचलणाऱ्याला नाजूकपणा परवडत नाही. येशूचा एक हात खाली लोंबतो आणि शिळेला टेकतो. त्या शिळेचा कोपरा चित्रातून बाहेर, थेट पाहणाऱ्याच्या अंगावर आलेला आहे. मूळ जागी, वेदीच्या वर, याचा अर्थ आणखी गडद होता : याजक पवित्र भाकर उंच धरी तेव्हा त्याच्या डोक्यावर हे शरीर खाली उतरत असे. आज तिथे प्रतिकृती आहे. संग्रहालयात चित्र सुरक्षित आहे, पण वेदी गेल्याने त्याचा अर्धा अर्थ गेला.

बोलोन्याच्या सांता मारिया देल्ला व्हीता चर्चमधला निकोलो देल्ल'आर्काचा, मृत येशूभोवतीच्या शोकाचा मूर्तिसमूह पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, भाजलेल्या मातीचा. तो प्रसिद्ध आहे वाऱ्याने वस्त्रं उडालेल्या, तोंड वासून किंचाळणाऱ्या स्त्रियांमुळे. मला मात्र त्यातला एका बाजूला गुडघा टेकलेला माणूस अधिक महत्त्वाचा वाटतो. खिळे काढायचा हातोडा आणि पकड अजून त्याच्याजवळच आहेत. आक्रोशाच्या मधोमध तो एकटा काम करून थांबलेला आहे आणि आपल्याकडे पाहतो आहे. उतारवयात मायकेलअँजेलोही अशाच माणसाकडे वळला. फ्लॉरेन्समधली जी पिएता त्याने स्वतःच्या थडग्यासाठी कोरायला घेतली आणि पुढे स्वतःच फोडली, तिच्यात मागे उभं राहून शरीर सावरणारा निकदेम आहे. त्या निकदेमाला मायकेलअँजेलोने स्वतःचा चेहरा दिला, असं त्याचा चरित्रकार व्हाझारी सांगतो. तरुणपणी त्याने आई कोरली. म्हातारपणी प्रेत धरणारा तो स्वतः झाला.

या सगळ्यांपासून बाजूला होल्बाइन उभा आहे. 1521-22 मधलं, बाझेलच्या संग्रहालयातलं, कबरीतल्या मृत येशूचं त्याचं चित्र दोन मीटर रुंद आणि जेमतेम तीस सेंटिमीटर उंच. धोंड लोटून झालेली, सगळे निघून गेलेले. हाडं वर आलेली छाती, उघडं तोंड, उघडे डोळे, काळा-हिरवा पडत चाललेला हात, शिळेच्या काठावर ताठ झालेलं मधलं बोट. 1867 मध्ये दोस्तोयेव्स्की या चित्रासमोर खिळून उभा राहिला आणि पुढे ‘इडियट’ कादंबरीत त्याने याची प्रत एका पात्राच्या घरी टांगली. हे पाहून माणसाची श्रद्धा जाईल, ही भीती त्याला खरी वाटली. मी उलट म्हणेन : मेला, पुरला गेला, असं पौलाने करिंथकरांना जे लिहिलं ते या चित्राइतकं गांभीर्याने दुसऱ्या कोणी घेतलं नाही.

विसाव्या शतकाने पुन्हा आईच निवडली. जर्मन शिल्पकार केटे कोलविट्झचा मुलगा पेटर 1914 मध्ये युद्धात पडला. तिने 1937-38 मध्ये घडवलेल्या लहानशा शिल्पाची मोठी प्रत 1993 पासून बर्लिनच्या नोए वाखे या स्मारकात आहे. ते दुःख कमावलेलं आहे. पण त्यानंतर वृत्तछायाचित्रांपासून व्हिडिओपर्यंत कुठल्याही मृत वा जखमी देहाभोवती हात दिसले की त्याला पिएता म्हणण्याची सवय लागली. ही सवय आळशी आहे. तिच्यामुळे योसेफ आणि निकदेम कलेतून बाहेर पडले आहेत.

आपल्याकडे गोव्यात ते अजून आत आहेत. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या प्रथेप्रमाणे गुड फ्रायडेला अनेक चर्चमध्ये येशूची मूर्ती क्रूसावरून उतरवतात, तिरडीवर ठेवतात आणि मिरवणुकीने नेतात. गावची माणसं ती खांद्यावर घेतात. कलासमीक्षक याकडे लोकाचार म्हणून पाहतात. मला ती याच परंपरेतली जिवंत कलाकृती वाटते, कारण तिथे वजन खरं आहे.

राहिल्या त्या दोन स्त्रिया, ज्यांनी फक्त पाहिलं. रविवारी पहाटे कबर नेमकी सापडली ती त्यांनी पाहून ठेवलं होतं म्हणून. सारी पुढची कथा त्या पाहण्यावर उभी आहे. तरीही चित्रकारांनी त्यांना छाती पिटायला लावलं. टिसोच्या जलरंगमालिकेत कबरीवर लक्ष ठेवून बसलेल्या दोघी आहेत, पण ते पुस्तकाला शोभणारं छोटं चित्र आहे. त्यांच्या सगळ्यात जवळ गेला तो अमेरिकन व्हिडिओ-कलावंत बिल व्हायोला. मासोलिनोच्या 1424 च्या भित्तिचित्रावरून सुचलेल्या त्याच्या 2002 च्या ‘इमर्जन्स’मध्ये दोन स्त्रिया संगमरवरी हौदाशी बसून वाट पाहतात. पाणी ओसंडतं, तरुणाचं शरीर वर येतं, त्या ते पेलतात, जमिनीवर ठेवतात, कापडाने झाकतात. इथे पाहणारे डोळे आणि उचलणारे हात त्याच दोघींचे आहेत. गेल्या पन्नास वर्षांत या विषयावर झालेलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे, असं माझं मत आहे. चित्रकलेत मात्र त्या दोघींची जागा अजून रिकामी आहे.