साबूचं घर

ऑगस्ट २०१४ मध्ये व्यंगचित्रकार प्राण कुमार शर्मा गेले. चाहते हळहळले ते स्वतःच्या बालपणासाठी. आम्हीही हळहळलो, उर्दू शाळेत शिकताना आमचा नागरी लिपीचा सराव झाला तो ‘चाचा चौधरी’ वाचूनच. पण या शोकात प्राणसाहेबांची कला बाजूलाच राहिली. १९३८ साली कसूर इथं जन्मलेल्या, फाळणीत घर सुटलेल्या या माणसानं नायक निवडला तो पगडीवाला, काठीवाला म्हातारा. ताकद दिली गुरू ग्रहावरच्या साबूला, हुकूम मात्र अकलेचा! कथा पुष्कळदा एकाच साच्यातल्या, हे कबूल. पण बिनीचाचीच्या हातचं खाऊन तो परग्रहावरचा धिप्पाड पाहुणा पृथ्वीवरच राहिला आणि त्याला परका असं त्या घरात कोणी म्हटलं नाही.